छत्रीखालच्या चपला

ताई गेली तो मंगळवार होता. भाऊजींचा फोन आला. ते म्हणाले, "बाई, सुलभा गेली." मी फोन ठेवला. संगणकाकडे पाहिलं. पडद्यावर ताईचं नाव होतं आणि नावापुढं ठिपका होता.

ठिपका हिरवा होता. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं त्याच्याभोवती आपोआप जमत गेलं आहे.

या गोष्टीला आता वर्षं लोटली. मागच्या कार्तिकात भाऊजींनी मला अकोल्याला बोलावलं. अकोल्याचं घर सोडून ते आपल्या गावी, हिवरखेडला, भावांकडं राहायला निघाले होते. "सामान भंगारात द्याच्या आधी एक डाव पाहून जा," म्हणाले. अमरावतीहून निघालेली एसटी बडनेरा, मूर्तिजापूर करत चालली होती. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना जागोजाग पांढरे पुंजके लागले होते. लहानपणी आम्ही त्यांना बाभळीची फुलं म्हणायचो. म्हणजे ताई म्हणायची आणि मी खरं मानायची. फुलं विकणाऱ्या घरातल्या मुलीनं तरी असं मानायला नको होतं. पण ताईनं सांगितलेल्या गोष्टी तपासून पाहायची मला सवय नव्हती.

ताई जिथं काम करायची, ती बाहेरची खोली होती तशीच होती. भिंतीला लागून टेबल, टेबलावर तो जुना, पाठीमागं मोठं पोट असलेला संगणक, आणि त्यावर ताईनं जुन्या साडीचा शिवलेला झगा. साडी माझ्या ओळखीची होती. निळ्यावर बारीक पांढरी बुटी. आईची. मी झगा उचलला तेव्हा धुळीचा वास आला, आणि धुळीखालून, मला वाटलं, आणखी कशाचा तरी. तो वास खरंच होता की नाही, मी सांगू शकत नाही.

आई अंबादेवीच्या रस्त्यावर, देवळापासून थोडी अलीकडं, फुलं घेऊन बसायची. आमचा मळा गावाबाहेर होता. तिथं आता प्लॉट पडले आहेत आणि गल्ल्यांना फुलांची नावं दिली आहेत. उजाडायच्या आत बाबा फुलं तोडून आणत आणि आई ती घेऊन रस्त्यावर जाई. नवरात्रात झेंडू, थंडीत शेवंती, वर्षभर निशिगंध थोडा थोडा, आणि उन्हाळ्यात मोगरा. ओल्या तरटाचा वास, त्यावर पसरलेल्या ओल्या फडक्याचा वास, आणि झेंडूच्या देठांचा तो कडवट, हिरवा वास, जो साबणानं जात नाही. आईनं मोडून दिलेल्या भाकरीच्या तुकड्यालाही तो असायचा. मला वाटायचं, भाकरीला असाच वास असतो.

आई दुपारी डुलक्या घ्यायची. पण तिचे हात झोपत नसत. डोळे मिटलेले, मान एका बाजूला, आणि बोटं दोऱ्यात फूल ओवून गाठ मारतच असायची. हार तिच्या मांडीवरून खाली उतरत जायचा. रस्त्यातून जाणाऱ्याला ती काम करतानाच दिसे. शेजारी नारळवाले काका बसत. ते म्हणायचे, "वैनी, तुमी घोरून राहिल्या अन् माळ वाढून राहिली. मले हे इद्या शिकवा."

आई डोळे न उघडता म्हणायची, "नारळ ओवता येत नाही, भाऊ."

तिची आणखी एक रीत होती. चहाला किंवा आणखी कशाला उठायचं झालं, की ती फुलांवर ओलं फडकं सारखं करायची, काळी छत्री उघडून रस्त्याच्या बाजूला कलती ठेवायची, आणि छत्रीच्या कडेखाली आपल्या चपला जोडीनं मांडायची. अशा, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई छत्रीमागं बसली आहे, उन्हानं जरा मागं सरकली आहे. मग ती अनवाणी रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या गाडीवर जाई. उन्हाळ्यात डांबर मऊ व्हायचं. ती टाचांवर, भराभर, थोडी नाचल्यासारखी चालायची. आम्ही दोघी हसायचो.

रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईक पुढं सरकतं, एवढंच त्यामागचं कारण. चपला दिसल्या की नेहमीचं माणूस थांबे. फडक्याचं टोक उचलून फुलं पाही. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून आईची हाक येई, "काय पायजे, सांगा बाई. ऐकून राहिली मी."

ताई माझ्याहून मोठी आणि सरळ. तिनं एकदा विचारलं, "आई, हे खोटं नाही काय? तू तं तिथं नसते."

"काहून खोटं?" आई म्हणाली. "हाक मारली तं येते ना मी?"

ताईचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली तेव्हा मी कॉलेजात होते. पहिल्या उन्हाळ्यात घरात मोगऱ्याच्या टोपल्या आल्या आणि निवडायला आई आणि मी दोघीच बसलो. तिघींच्या हातांचा एक आवाज होता, तो गेला. कळ्या टोपलीत पडण्याचा आवाज फार हलका असतो. तीनचे दोन झाले तर तो फरक ऐकू येऊ नये. पण येत होता.

मग बाबा गेले, मग आई. मळा गेला. मी शिकले, पुस्तकांत रमले, लग्नाचं जमलं नाही, आणि नंतर त्याबद्दल कोणी विचारीनासं झालं. अमरावतीतच दोन खोल्या घेऊन मी मुद्रितं तपासायचं काम करू लागले. तिकडं ताईनं बाहेरच्या खोलीत टायपिंग सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, अर्ज, विद्यार्थ्यांचे प्रबंध. भाऊजी डाळमिलच्या ऑफिसात होते. मिलनं नवे संगणक घेतले तेव्हा जुन्यातला एक त्यांनी घरी आणला. पुढं मीही एक घेतला. ताई टाईप करी, फाईल मला पाठवी, मी तपासून परत करी. त्या कामासाठी म्हणून आम्ही दोघींनी चॅटचा तो प्रोग्राम घेतला. काम निमित्ताला होतं.

आज ज्यांच्या हातात चोवीस तास फोन असतो त्यांना ते सांगून समजणार नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक उभी पट्टी होती. माझ्या पट्टीत एकच नाव होतं. सकाळी मी देवापुढं दिवा लावून संगणक सुरू करायची. पंखा घरघरायचा, काच हळूहळू उजळायची, आणि ताईच्या नावापुढं हिरवा ठिपका यायचा. मग ती लिहायची, "उठली काय वं?" मी लिहायची, "उठली." एवढं झालं की आम्ही आपापल्या कामाला लागत असू. तास तास कोणी काही लिहीत नसे. ठिपका असे. एका ओसरीवर दोन बायका पाठीला पाठ लावून निवडण करत बसतात, तसं.

थोडा वेळ कळफलकाला हात लागला नाही, तर तो ठिपका नारिंगी व्हायचा. माणूस जागेवर नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. प्रोग्राममध्ये त्याला आयडल म्हणत. मी शब्दकोश काढून पाहिलं होतं: निष्क्रिय, रिकामा, आळशी. आईला हा शब्द आवडला नसता. रिकामं बसणं तिच्या लेखी दुखण्यापेक्षा वाईट होतं.

ताईनं त्याला आपलं नाव दिलं. ठिपका नारिंगी झाला की तिचा फोन यायचा. "काय वं छोटे, संत्रा काहून झाली?"

"भाजी आणायला गेले होते, ताई."

"सांगून जात जा ना मंग. मले वाटलं पडली-बिडली."

"पडले असते तर फोन उचलला असता का?"

"म्हणून तं करून राहिली फोन."

मी आंघोळीला गेले की संत्रा. पुस्तक वाचत लोळले की संत्रा. दारावर कोणी आलं, दोन शब्द जास्त बोललं, की संत्रा, आणि मागोमाग फोनची घंटा. एकट्या बाईची काळजी करायला एक माणूस आहे, ही बारीक गोष्ट नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ताईची तब्येत तेव्हापासूनच बरी नव्हती. फोन बाहेरच्या खोलीत नव्हता, आतल्या खोलीत होता, आणि दर वेळी उठून आत जाताना तिला धाप लागते, हे मला फोनवर ऐकू यायचं. म्हणून मी प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथं एक चौकट सापडली. त्यात खूण केली, की तुम्ही जागेवर नाही हे इतरांना दिसत नाही. ठिपका हिरवाच राहतो.

मी खूण केली. फोन थांबले. मला बरं वाटलं, आणि पहिल्या दुपारी घंटा वाजली नाही तेव्हा थोडं रितंही वाटलं.

त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या वाचनालयाच्या बायकांबरोबर मी सेमाडोहला गेले. परतवाड्यापर्यंत एसटी, पुढं जीप. ताईला सांगितलं नाही. जंगलात चालली म्हटल्यावर तिनं झोप घेतली नसती, आणि तिथं फोन लागत नव्हता. संगणक सुरू ठेवला, कुलूप लावलं आणि निघाले. सेमाडोहला सागाची मोठी पानं पडत होती. एकेक पान पडताना माणूस चालत आल्यासारखा आवाज होई. सगळ्या जणी वाघाच्या गोष्टी करत होत्या. मी मनात म्हणत होते, घरी माझा ठिपका हिरवा आहे, ताई निवांत असेल.

परत आले, संगणक सुरू केला. तो बंद होता, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. ठिपका उगवल्याबरोबर ताईचा निरोप आला.

"छत्री उघडी ठेवून कुठी गेलती?"

मी फोन केला. ती हसत होती, मधे मधे थांबून श्वास घेत होती.

"तुले कसं कळलं?"

"अमरावतीची लाइन कवा जाते ते मले पाठ आहे. लाइन गेली, तू गेली. लाइन आली, अन् तू नाही आली. मंग म्हटलं, बाई गेली चपला ठेवून."

भारनियमनाच्या वेळा! वर्तमानपत्रातून तिनं माझ्या गावाचं वेळापत्रक पाठ केलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. सेमाडोह, चौकट, खूण. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दाखव बरं कुठं आहे ते."

"तुला कशाला हवं?"

"मले काय करायचं, मी तं इथंच असते. पाहून ठेवते फक्त."

मी तिला फोनवर पायरी पायरीनं सांगितलं. इथं जा, मग इथं, मग खाली. ती प्रत्येक पायरीला "हं" म्हणत होती. शेवटच्या पायरीला म्हणाली, "दिसली. बरं, राहू दे."

राहू दे म्हणजे तिनं काय केलं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतरची दोनेक वर्षं आठवली की मला हिरवाच रंग आठवतो. ताईचा ठिपका कधी नारिंगी झाला नाही. तिचं दुखणं होतं, दवाखाना होता, हे मला ठाऊक होतं. मी अकोल्याला जायची तेव्हा ती खुर्चीत बसलेली असायची, केस विंचरलेले, साडी नीट. मी परत आले की लिहायची, "पोचले." तिचं उत्तर यायचं, "हो." भाऊजींनी तिच्यासाठी इन्व्हर्टर बसवून घेतला होता, त्यामुळं तिकडची लाइन गेली तरी ती जात नसे. दिवसभर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, ती हिरवी असायची. मी मनाशी म्हणायची, इतका वेळ बसवतं आहे तिला. बरी आहे. ओळखीच्या कोणी विचारलं तर सांगायची, ताईची तब्येत सुधारली आहे. उत्तरं थोडकी यायला लागली होती. "जेवली." "हो." "बरी आहे." मला वाटलं, कामात आहे.

मग तो मंगळवार.

अकोल्याला त्याच बाहेरच्या खोलीत, टेबलापाशी, जिथं ताईला निजवलं होतं तिथं परातीत पीठ पसरून दिवा ठेवला होता. दिव्यापासून हातभर अंतरावर संगणक घरघरत होता. पडदा काळा झाला होता, पण खालचा बारीक दिवा लुकलुकत होता. मी बटणाकडं हात नेला तेव्हा भाऊजींच्या थोरल्या वहिनी, हिवरखेडहून आलेल्या, दारातून म्हणाल्या, "नको वं माय. दहावा होईस्तोर या खोलीतलं पेटलेलं काही विझवू नये."

"वहिनी, तो संगणक आहे."

"असू दे ना. पेटलेलं आहे ना?"

मी हात मागं घेतला. भाऊजी दिव्यात तेल घालायचे आणि एकदा संगणकाच्या दिव्याकडं पाहायचे, तोही आहे ना, म्हणून.

तिसऱ्या दिवसाचं आटोपल्यावर मी दहाव्यापर्यंत अमरावतीला परत आले. घरात शिरले, चपला काढल्या, संगणक सुरू केला. सवयीनं. ताईच्या नावापुढं हिरवा ठिपका होता.

मी बसून राहिले. बराच वेळ कळफलकाला माझा हात लागला नाही. तिकडं तर कोणाचाच लागत नव्हता. ठिपका नारिंगी व्हायला हवा होता. झाला नाही. दुपार गेली, दिवेलागण झाली, झाला नाही. तेव्हा मला समजलं की तिनं खूण केली होती. कधी केली होती, हे समजायला आता काही मार्ग नव्हता. मी ज्या हिरव्यावरून तिची तब्येत वाचत होते, ते सगळे दिवस माझ्या डोळ्यांपुढून मागं मागं जायला लागले. कोणत्या दुपारी ती तिथं होती? कोणत्या दुपारी मी होते? माझ्याही नावावर तीच खूण होती. असे कितीतरी तास असतील, की तिकडं छत्री उघडी आणि इकडं छत्री उघडी, आणि दोन्हींमागं कोणी नाही.

त्या दिवशी मी लिहिलं, "पोचले."

उत्तर आलं नाही. दहाव्याला मी पुन्हा अकोल्याला होते. पिंडाला कावळा शिवल्यावर घरी येऊन भाऊजींनी दिवा शांत होऊ दिला आणि मग खुर्चीवर बसून संगणकाचं बटण दाबलं. घरघर थांबली. खोलीत तो आवाज किती होता, ते तेव्हा कळलं. मी घरी आले तर ताईचं नाव राखाडी झालं होतं. पुढं कधीतरी तो प्रोग्रामच बंद पडला. पट्टी गेली, नाव गेलं.

मधल्या वर्षांत भाऊजींना मी काही विचारलं नाही. वर्षातून एकदोनदा भेटत होतो. ताईच्या आवडीची पातोडीची भाजी ते करत, मी खात असे. एक प्रश्न सोबत घेऊन जायची आणि तसाच परत आणायची.

मागच्या कार्तिकात, त्या खोलीत, झगा हातात धरून मी विचारलं, "भाऊजी, ताई दिवसभर इथं बसायची का हो?"

ते दोरीनं गादी बांधत होते. वयानं वाकलेत, पण गाठ अजून शेतकऱ्याची मारतात. म्हणाले, "कुठं बसत होती, बाई. शेवटी शेवटी तं घडीभर बसवत नव्हतं."

"पण तिचा ठिपका..."

"तो राहत होता ना हिरवा. तिनं तसं करून ठेवलं होतं. मले म्हणे, छोटीले समजलं तं ती धावत येईन, अन् आली का रडत बसन."

ते उठले, टेबलाच्या मागं वाकले आणि एक वायर ओढून दाखवली. ती टेबलामागून भिंतीच्या कडेकडेनं, दाराच्या चौकटीवरून, खिळ्याखिळ्याला बांधत आतल्या खोलीत गेली होती. मी त्यांच्या मागोमाग गेले. आत ताईची खाट होती, आणि खाटेच्या उशाला, फळीवर, आवाजाचा छोटा डबा.

"हा इथं लावून घेतला होता माह्याकडून," भाऊजी म्हणाले. "तुमचं काही आलं का 'टुण' वाजे. झोपेत असली तरी डोळे उघडे. म्हणे, अहो, छोटीचं आलं, पाहा बरं काय म्हणते."

"आणि मग?"

"मंग मी वाचून दाखवो. ती सांगे, मी लिहो." त्यांनी दोन बोटं वर केली. "या दोन बोटांनी. एक 'जेवली' लिहाले मले टाइम लागे. अन् लिहून झालं का म्हणे, वाचा बरं पुन्हा. छोटी चुका काढते."

मी खाटेच्या काठावर बसले. ते उभेच होते.

"मग ते 'हो'..."

"लिवणं माह्यं. म्हणणं तिचं."

खिडकीतून समोरच्या वाळवणाचा, ताज्या मुगवड्यांचा वास येत होता. कोणीतरी कावळे हाकलत होतं. भाऊजी फळीवरच्या डब्यावरची धूळ पंचानं पुसू लागले. भंगारात जाणाऱ्या वस्तूची. पुसता पुसता म्हणाले, "तुमचं 'पोचले' आलं होतं ना, तिसऱ्या दिवसानंतर."

"हो."

"मी दिव्यात तेल घालून राहिलो होतो. 'टुण' वाजलं. जाऊन वाचलं. खुर्चीवर बसलोही होतो." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "पण लिहू काय? सांगाले कोणी नव्हतं."

मला आई दिसत होती. रस्त्याच्या पलीकडं, हातात बशी, पाय भाजत आहेत म्हणून एकावरून दुसऱ्यावर भार देत उभी, आणि नजर छत्रीवर.

भंगारवाला दुपारी आला. संगणक त्यानं पोत्यात घातला, वायरी गुंडाळल्या. साडीचा झगा मी मागून घेतला. निघताना दाराशी, कोपऱ्यातल्या मांडणीखाली, ताईच्या चपला दिसल्या. तपकिरी, साध्या, टाचेपाशी एका बाजूनं झिजलेल्या. ती चालताना डावीकडं भार द्यायची.

"या नेऊ का?"

भाऊजी दचकले. "चपला? गेलेल्या माणसाच्या चपला कोणी नेते काय, बाई? साडी न्या, पातेलं न्या."

"मला याच पाहिजेत."

"तुमाले होणार नाहीत. तिचा पाय लहान होता."

"माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग वाकून, माझ्या आधी, त्यांनीच त्या उचलल्या, एकमेकींवर आपटून माती झाडली आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवल्या. "बसस्टँडवर सोडतो," म्हणाले, आणि चालत माझ्याबरोबर आले.

परतीच्या एसटीत उन्हं तिरपी आत येत होती. बाभळींवरची कापसाची फुलं आता पिवळी दिसत होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा एक बाई शेवंतीचे गजरे घेऊन खिडकीपाशी आली. मी एक घेतला आणि ओंजळीत धरून ठेवला. बडनेऱ्यापर्यंत बोटांना वास लागला होता.

घरी पोचले. कुलूप काढलं. दिवा लावला. हातात फोन होता, तो टेबलावर ठेवला.

माझ्या दाराबाहेर आता चपलांचे दोन जोड असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, घरात दोघी आहेत. घरात मी आहे.